व्हेरिकोज व्हेन्स: लेझर, गोंद, इंजेक्शन की ऑपरेशन? (इंदूर)

लोकमान्यनगरची_वहिनी

नमस्कार मंडळी. इंदूरकरांकडून, आणि ज्यांनी हे उपचार घेतले आहेत अशा कुणाकडूनही माहिती हवी आहे.

यजमानांचं नमकीनचं दुकान आहे. सकाळी शटर उघडल्यापासून रात्रीपर्यंत उभं काम. दिवाळीत आणि रंगपंचमीच्या गेरच्या दिवसांत तर पाठ टेकायलाही फुरसत नसते. डाव्या पायावर मांडीच्या आतल्या बाजूपासून पोटरीपर्यंत जाड, वेड्यावाकड्या, हिरव्या-निळ्या शिरा कित्येक वर्षांपासून आहेत. दुखत नाही म्हणून ते विषय टाळत आले. पण अलीकडे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी-काळपट झाली आहे, तिथे सारखी खाज येते आणि संध्याकाळी पाय सुजून मोज्याचा वळ उमटतो.

दोन ठिकाणी दाखवलं. एकीकडे उभ्या-उभ्या पाय बघून लगेच लेझरचं पॅकेज सांगितलं, सोनोग्राफीचं नावही काढलं नाही. दुसरीकडे म्हणाले, मांडीतून शीर काढून टाकायचं ऑपरेशनच बरं. शेजारच्या भैयाजींच्या मेहुण्याने म्हणे गोंदाने शीर चिकटवून घेतली. सासूबाई म्हणतात आधी जळवा लावून बघा. प्रत्येकाचं ऐकून डोकं भणभणलं आहे.

दुसरं माझं स्वतःचं. धाकट्याच्या वेळेपासून मांडीवर आणि गुडघ्यामागे बारीक लाल-जांभळ्या रेषांचं जाळं झालं आहे. दुखत-खुपत काही नाही, पण बघवत नाही. हा त्यांच्यासारखाच आजार आहे का? पुढे तेवढा वाढेल का?

रामबाग_सर्जन

वहिनी, मी निवृत्त जनरल सर्जन आहे. पाय न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घोट्याजवळची काळपट, खाजरी कातडी. जाड शिरा वर्षानुवर्षं तशाच राहू शकतात. कातडीचा रंग बदलायला लागला की आजार पुढच्या पायरीवर गेला असं आम्ही धरतो. या आजाराच्या पायऱ्या शून्य ते सहा अशा मोजतात. बारीक जाळं म्हणजे १, जाड शिरा २, सूज ३, कातडीत बदल ४, भरून आलेली जखम ५ आणि वाहती जखम ६. तुमचे यजमान वर्णनावरून ४ मध्ये बसतात, तुम्ही १ मध्ये. म्हणून दोघांचे उपचार वेगळे, आणि दोघांची घाईही वेगळी.

होतं काय ते सांगतो. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवायचं असतं. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारख्या. ही दारं नीट मिटेनाशी झाली की रक्त उलटं खाली येतं, शीर ताणली जाते आणि ताणल्यामुळे पुढच्या झडपाही मिटेनाशा होतात. घोट्यापाशी दाब सगळ्यात जास्त, म्हणून तिथे रक्तपेशी शिरेबाहेर झिरपतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं आणि डाग पडतो. हे बहुतेक वेळा जांघेपासून घोट्यापर्यंत मांडीच्या आतून जाणाऱ्या मोठ्या वरवरच्या शिरेत (ग्रेट सॅफेनस व्हेन) घडतं. पोटरीच्या मागची छोटी सॅफेनस हेही एक ठिकाण.

उभं काम हे एकमेव कारण नाही. घरात आई-वडिलांना असेल तर शक्यता वाढते. वय, वजन, बाळंतपणं, पूर्वी पायात झालेली गुठळी, हे सगळं मोजावं लागतं.

उपचार ठरवण्याआधी पायाच्या शिरांचं कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झालंच पाहिजे. त्याशिवाय लेझर, गोंद, ऑपरेशन, कशालाही हो म्हणू नका. आणि ते रुग्णाला उभं करून झालं पाहिजे. झोपवून केलं तर रक्ताचा उलटा प्रवाह नीट कळत नाही. केंद्रावर आधी फोन करून विचारा: उभं करून करता का, आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते रिपोर्टात लिहिता का? वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटा प्रवाह असेल तर झडप निकामी समजतात. खोल शिरा मोकळ्या आहेत का, त्यांत जुनी गुठळी आहे का, तेही रिपोर्टात असायला हवं.

शिप्राकाठ

डॉक्टरसाहेब, एक बाळबोध शंका. शीर जाळून किंवा चिकटवून बंद केली तर पायातलं रक्त जाणार कुठून? माझी आई याच भीतीने नाही म्हणते.

रामबाग_सर्जन

बाळबोध अजिबात नाही, ओपीडीत रोज ऐकलेला प्रश्न आहे. पायातलं बहुतेक रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांमधून वर जातं. वरवरची शीर बिघडली की ती रक्त वर नेण्याऐवजी खालीच साठवते. ती बंद केल्यावर रक्त चांगल्या शिरांकडे वळतं आणि पाय हलका वाटतो. म्हणूनच खोल शिरा मोकळ्या आहेत का हे आधी बघायचं. त्या जुन्या गुठळीने बंद असतील तर वरचीच वाट रक्ताला उरलेली असू शकते, मग ती बंद करून चालत नाही.

बायपाससाठी याच सॅफेनस शिरेचा तुकडा वापरतात, म्हणून काही जण विचारतात की ती राखून ठेवावी का. फुगलेली, वेडीवाकडी शीर बायपासच्या कामाची राहत नाही, तेव्हा त्या कारणाने उपचार अडवू नका.

सुदामानगर_बाई

मी शाळेत शिकवते, फळ्यापुढे उभं राहण्यातच नोकरी गेली. माझ्या उजव्या पायाला रेडिओफ्रिक्वेन्सी केलं आहे, लेझरचीच बहीण म्हणा. अनुभव सविस्तर लिहिते, कारण करण्याआधी मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

गुडघ्याजवळ एक सुई टोचून त्यातून बारीक नळी शिरेत सरकवतात, सगळं सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत. मग शिरेभोवती भुलीचं पातळ औषध भरपूर भरतात. मला सगळ्यात त्रास झाला तो याच टोचण्यांचा. शीर तापवताना मात्र काही जाणवलं नाही. भरलेलं पाणी आजूबाजूच्या कातडीला आणि मज्जातंतूंना उष्णतेपासून वाचवतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पोटरीवरच्या फुगीर गाठी त्याच वेळी मिलिमीटरभर छेदांतून आकड्याने काढल्या, त्याला टाकेही घातले नाहीत. तिथून उठले आणि लगेच वऱ्हांड्यात चालायला लावलं. संध्याकाळी घरी.

नंतर मांडीच्या आतून दोरी ताणल्यासारखं काही दिवस वाटत होतं, निळे-पिवळे डागही होते. आधी सांगितलं असतं तर घाबरले नसते. मुली विचारायच्या, टीचर पाय का दाबता? ते आता बंद झालं.

लोकमान्यनगरची_वहिनी

ताई, खूप धीर आला. डॉक्टर काका, लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, गोंद, फोम, ऑपरेशन यांतलं निवडायचं कसं?

रामबाग_सर्जन

लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी या दोन्हींत शीर आतून तापवून बंद करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत टोक १२० अंशांपर्यंत तापतं आणि एका वेळी ७ सेंटिमीटर शीर २० सेकंदांत बंद होते. लेझरमध्ये हल्ली १४७० नॅनोमीटरचा, चहूबाजूंनी उष्णता सोडणारा तंतू जास्त वापरतात, त्याने जुन्या लेझरपेक्षा दुखणं कमी झालं. निकाल दोन्हींचे जवळपास सारखे, म्हणून तुमचा डॉक्टर ज्यात सरावलेला आहे ते करू द्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेला क्रम मला पटतो: आधी उष्णतेने बंद करणं, ते जमत नसेल तर सोनोग्राफीखाली फोम, आणि तेही जमत नसेल तर ऑपरेशन.

फोम म्हणजे पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध हवेबरोबर घुसळून फेस करायचा आणि शिरेत सोडायचा. शिरेचं आतलं अस्तर सुजतं आणि शीर मिटते. भूल लागत नाही, खर्च कमी, पुन्हा करता येतो. पण मोठी सॅफेनस शीर फोमनंतर परत उघडण्याचं प्रमाण जास्त आहे. ब्रिटनमध्ये फोम, लेझर आणि ऑपरेशन यांची तुलना करणारी मोठी चाचणी झाली, तिचे पाच वर्षांनंतरचे निकाल २०१९ मध्ये आले. त्यात लेझर आणि ऑपरेशनवाल्यांचं जगणं फोमवाल्यांपेक्षा जास्त सुसह्य निघालं. वेड्यावाकड्या फांद्यांसाठी, परत उद्भवलेल्या शिरांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र फोम फार उपयोगाचा आहे. ज्यांना फोमनंतर नजरेसमोर चमकल्यासारखं झालं असेल किंवा हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचं माहीत असेल त्यांनी ते आधी सांगायलाच हवं.

गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. शिरेभोवती भुलीचं पाणी भरावं लागत नाही, त्यामुळे टोचण्या कमी आणि मज्जातंतूला उष्णतेचा धोका नाही. पण ती वस्तू शरीरात राहते. काहींना शिरेवरची कातडी लाल होऊन सुजते, काहींना अॅलर्जी येते. ज्यांना नेल ग्लू किंवा पापण्या चिकटवण्याच्या गोंदाने पुरळ उठते त्यांनी हा मार्ग टाळावा. इतर पद्धतींपेक्षा महागही पडतो. भैयाजींच्या मेहुण्यांना तो मानवला असेल, पण तेवढ्यावरून तुम्ही ठरवू नका.

सिंहस्थ_ड्युटी

पोलिसात होतो. सिंहस्थात तासन्‌तास चौकात उभं राहणं काय असतं ते पायांनाच विचारा. माझं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालं होतं, जांघेत आणि गुडघ्याखाली काप घेऊन शीर ओढून काढली. कंबरेत भुलीचं इंजेक्शन. जखमा भरल्या, पाय चांगला राहिला, पण घोट्याच्या आतल्या बाजूला एक पट्टा अजून बधिर आहे. बऱ्याच वर्षांनी पोटरीवर नव्या शिरा दिसायला लागल्या, त्यांना फोम केला. सांगायचं हे की कुठल्याही उपचाराने माणूस कायमचा मोकळा होतो असं समजू नये. उपचार केलेली शीर गेली तरी दुसरीची झडप निकामी होऊ शकते.

रामबाग_सर्जन

तो बधिर पट्टा सॅफेनस मज्जातंतूचा. गुडघ्याखाली तो शिरेला अगदी चिकटून जातो, म्हणून गुडघ्याखालची शीर ओढून काढणं पुढे बहुतेक सर्जनांनी सोडलं. बाकी तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि प्रत्येक रुग्णाला ते आधीच सांगितलं पाहिजे.

एमवाय_सिस्टर

मी वॉर्डात काम केलं आहे, मोज्यांबद्दल मला बोलायचंय, कारण लोक मेडिकलवरून नंबर विचारून कसलेही मोजे उचलतात.

घोटा, पोटरी आणि मांडीचा घेर सकाळी, सूज नसताना, टेपने मोजूनच माप ठरवायचं. दाब डॉक्टर लिहून देतात. क्लास २ म्हणजे साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पारा, रक्तदाब मोजतात त्याच मापात. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे, रात्री झोपताना काढायचे. पायावर थोडी पावडर लावली, हातात रबरी हातमोजे घातले की सहज चढतात. वरचं टोक दुमडायचं नाही, तिथे आवळून दोरा बांधल्यासारखं होतं. चारेक महिन्यांनी ताण जातो, मग बदलायचे.

हे मी ओरडून सांगते: मधुमेह असेल, विडी-सिगारेट-तंबाखू असेल, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागत असेल, तर मोजे घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. दंड आणि घोटा दोन्हीकडे रक्तदाब मोजून त्याचं गुणोत्तर काढतात, सोपी तपासणी आहे. धमनीतून रक्त आधीच कमी येत असताना वरून घट्ट मोजा घातला तर पाय काळा पडू शकतो.

आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांत ते पायात ठेवणं अवघड जातं हे मान्य. गुडघ्यापर्यंतचे, बोटं उघडी असलेले घ्या, दुपारी घराबाहेर नसाल तर थोडा वेळ काढा, पण उभ्या कामाच्या तासांत घाला.

रामबाग_सर्जन

सिस्टरांच्या प्रत्येक ओळीशी सहमत. मोज्यांनी त्रास कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. ज्याला उपचार शक्य आहे त्याला नुसते मोजे देऊन वर्षानुवर्षं बसवून ठेवू नये. डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांचंही तसंच. जडपणा, सूज यांना आराम पडतो, शिरा जात नाहीत.

अन्नपूर्णा_वैद्य

सासूबाईंच्या जळवांविषयी लिहितो, माझाच प्रांत आहे. सुश्रुताने शिरांच्या गाठींचं वर्णन केलं आहे आणि रक्तमोक्षणही सांगितलं आहे. घोट्याजवळच्या चिघळलेल्या जखमेभोवती जळवा लावल्यावर सूज आणि ठणका उतरलेला मी बघितला आहे. पण जांघेतली झडप मिटत नसेल तर जळवेने ती मिटणार नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला किंवा मधुमेह आटोक्यात नसलेल्याला मी जळवा लावत नाही. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा. आणखी एक: फुगलेल्या शिरेवर जोरात तेल रगडू नका. शीर कडक, लाल, दुखरी झाली असेल तर हातही लावू नका, आत गुठळी असू शकते.

छावणी_२१

हे सगळ्यांनी वाचा, कारण आमच्या घरी घडलं आहे. काकांच्या घोट्याजवळची फुगीर शीर अंघोळ करताना फुटली. दुखलं नाही, म्हणून त्यांना कळलंच नाही, मोरी लाल झाली तेव्हा कळलं. सगळे मिळून त्यांना खुर्चीवर बसवत होते आणि रक्त थांबत नव्हतं. समोरच्या नर्सताई धावत आल्या, त्यांनी फरशीवर आडवं केलं, पाय उशांवर उंच केला आणि कापडाने त्या जागी बोटाने दाबून धरलं. थोड्याच वेळात थांबलं. वर घट्ट दोरी बांधायची नाही, असं त्यांनी बजावलं.

रामबाग_सर्जन

अगदी योग्य केलं. आडवं करणं, पाय हृदयापेक्षा उंच, त्या जागी थेट दाब, किमान दहा मिनिटं मध्ये न उघडता. नंतर त्याच दिवशी डॉक्टरकडे, कारण एकदा फुटलेली शीर पुन्हा फुटते. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला किंवा त्याबरोबर धाप लागली, छातीत दुखलं, तर व्हेरिकोजचंच असेल म्हणून घरी थांबू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा. खोल शिरेतली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.

तिलकनगर_मैत्रीण

वहिनी, तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून मी. मी मांडीवरच्या बारीक जाळ्यावर इंजेक्शनं घेतली आहेत. केसाएवढी सुई, औषध तेच पोलिडोकॅनॉल, फक्त सौम्य. एका बैठकीत सगळं जात नाही, काही आठवड्यांच्या अंतराने परत जावं लागतं. आणि लगेच सुंदर दिसत नाही, आधी आणखी वाईट दिसतं! जखमेसारखे डाग पडतात, मग महिना-दीड महिन्यात फिकट होत जातात. आपल्या सावळ्या कातडीवर काही ठिकाणी तपकिरी रेघ राहते. माझी बरीच गेली, एक-दोन अजून आहेत. काहींना टोचलेल्या जागेभोवती नवं बारीक लाल जाळं उठतं, तेही डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. उन्हात पाय उघडे ठेवू नका.

रामबाग_सर्जन

छान लिहिलंत. पायावरच्या बारीक शिरांना इंजेक्शन हाच पहिला उपाय. वरून मारायचं लेझर, १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग, सुई जाणार नाही इतक्या बारीक रेषांसाठी किंवा सुईची फार भीती असणाऱ्यांसाठी. पण वहिनी, गुडघ्यामागे जाळं आहे म्हणता, घरातही कुणाला मोठ्या शिरा असतील किंवा पाय जड होत असतील तर तुमचंही डॉपलर करून घ्या. मुळाशी मोठी शीर उलटी वाहत असेल तर वरचं जाळं कितीही घालवलं तरी परत येतं. तसं नसेल तर हा दिसण्याचा प्रश्न आहे, यजमानांइतका वाढेलच असं अजिबात नाही. गरोदर असताना किंवा दूध पाजत असताना इंजेक्शन घेऊ नका. गरोदरपणात आलेल्या बऱ्याच शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप उतरतात.

जेलरोड_विमा

पैशांचं कुणी लिहिलं नाही. बऱ्याच आरोग्य विम्यांत व्हेरिकोज व्हेन्ससाठी दोन वर्षांची थांबण्याची अट असते, पॉलिसीचा कागद काढून बघा. डे-केअरमध्ये लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी धरतात का आणि गोंदावर वेगळी मर्यादा आहे का, हे लेखी विचारा. बारीक शिरांची इंजेक्शनं दिसण्यासाठीची म्हणून नाकारतात. डॉपलरचा रिपोर्ट, कातडीतल्या बदलांचे फोटो आणि डॉक्टरांच्या पर्च्यावर पायरीचा उल्लेख असेल तर मंजुरी सोपी जाते. आयुष्मान कार्ड असेल तर भरती होण्याआधी रुग्णालयातल्या मदत खिडकीवर पॅकेज विचारून घ्या.

लोकमान्यनगरची_वहिनी

यजमानांना हा धागा वाचून दाखवला. डॉपलर उभं करूनच झालं. रिपोर्टात लिहिलंय: जांघेतली झडप निकामी, मोठी सॅफेनस शीर ८ मिलिमीटर, उलटा प्रवाह गुडघ्याच्या खालपर्यंत, खोल शिरा मोकळ्या. ते म्हणतात दिवाळीचा सीझन होऊ दे, मग बघू. थांबलं तर चालेल का?

रामबाग_सर्जन

आठवडाभरात करा असं नाही, पण सीझनमागून सीझन ढकलू नका. घोट्याशी जखम झाली की ती महिनोन्‌महिने भरत नाही. जखम झालेल्यांवरही शिरेचा उपचार लवकर केला तर ती लवकर भरते, हे २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं: लवकर उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. तुमच्याकडे जखम व्हायच्या आधीच करायची संधी आहे. तोवर मोजे (धमन्या तपासून), रात्री पायाखाली उशी, खाजऱ्या जागी साधं मॉइश्चरायझर, आणि खाजवणं बंद. रिपोर्ट घेऊन व्हॅस्क्युलर सर्जन किंवा हे काम नियमित करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे जा. एम.वाय. या इंदूरच्या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीतही दाखवता येईल. त्यांना विचारा: मोठी शीर कशाने बंद करणार, फांद्या त्याच वेळी काढणार की नंतर, आणि नंतरचं डॉपलर कधी. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत एकदा बघून बंद केलेल्या शिरेतली गुठळी खोल शिरेकडे सरकली नाही ना याची खात्री करून घेतलेली बरी.

लोकमान्यनगरची_वहिनी

विचारते सगळं. शेवटचं, दुकानात काय बदल करायचा? स्टूल ठेवलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हे त्यांचं म्हणणं.

सुदामानगर_बाई

गल्ल्यामागे उंच स्टूल ठेवा, गिऱ्हाइकाला दिसतही नाही. तोल-मापाच्या मध्ये टाचा वर-खाली करत राहायच्या, पोटरी आवळली पाहिजे. एकाच जागी उभं राहण्यापेक्षा गोदामापर्यंत चार फेऱ्या मारलेल्या चांगल्या. मी वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत शिकवते आता.

सिंहस्थ_ड्युटी

आणि संध्याकाळी गर्दी सुरू व्हायच्या आधी मुलाला गल्ल्यावर बसवून पंधरा मिनिटं आतल्या खोलीत पाय भिंतीला लावून पडू दे. आमच्या चौकीत पंचवीस वर्षांच्या पोरांनाही मी हे करायला लावत असे.